थंड इंजिनाचा आवाज

मावशीने बॉनेटवर तळहात टेकवला आणि तसाच राहू दिला. गॅरेजचं शटर अजून पुरतं वर गेलं नव्हतं. मागे उभा असलेला भाचा वाकून, शटरखालून डोकावून त्या निळ्या गाडीकडे बघत होता. चाळिशीला आलेला माणूस, दातांचा डॉक्टर, पण चेहरा असा की कोणी त्याच्या हातात फुगा दिलाय.

"गरम आहे," मावशी म्हणाली.

गाडीचा मालक शटरची साखळी धरून उभा होता. सत्तरीच्या आसपासचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. जन्मभर पूल बांधलेला इंजिनिअर. त्याने साखळी आणखी दोन हात ओढली, मग म्हणाला, "बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी दहा मिनिटं चालू ठेवली होती."

"मी फोनवर बजावलं होतं. रात्रीपासून चालू करू नका म्हणून."

"विसरलो."

इतकं बोलून त्याने शटर थेट वरपर्यंत नेलं. मावशीने हात काढून ओढणीला पुसला. तीस वर्षं ती स्वतःचं गॅरेज चालवत होती. या तीस वर्षांत ऐन वेळी विसरलेले विक्रेते तिने पुष्कळ पाहिले होते, आणि ते सगळे अशाच गाड्यांचे मालक होते. महागड्या, वेगाच्या, इंजिनात नाजूक करामती असलेल्या.

"मग आता?" भाच्याने विचारलं.

"आता थांबायचं. सहा तास तरी."

"सहा तास?" इंजिनिअर म्हणाला. "दुपारी दुसरं गिऱ्हाईक यायचंय."

"येऊ द्या की. त्यालाही गरमच दाखवणार का?"

स्वयंपाकघराचं दार गॅरेजमध्ये उघडत होतं. तिथे इंजिनिअरची बायको येऊन उभी राहिली होती. निवृत्त गणिताच्या बाई. आवाज बारीक, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"सहा तास कशासाठी?" बाईंनी विचारलं.

मावशीला प्रश्न आवडला. "इंजिन श्वास घेतं ते झडपांमधून, बाई. साध्या गाडीत झडपा उघडायची वेळ कायम ठरलेली. हिच्यात वेग वाढला की ती वेळ बदलते, म्हणून तर ही अशी पळते. पण वेळ बदलणारं जे चाक आहे ना, ते तेलाच्या दाबावर चालतं. दाब यायच्या आधी त्याला जागेवर धरून ठेवायला एक खुंटी असते. तेल वेळच्या वेळी बदललं नाही की ती झिजते. मग रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू केली की पहिली दोन सेकंद खडखडते. तेल वर चढलं की गप्प. गरम इंजिन काही बोलत नाही. आणि हा खर्च असा की अख्खं इंजिन पुढून उघडावं लागतं."

"म्हणजे झोपेतून उठवलं तरच खरं बोलते."

"तसंच."

"मग थांबा. जेवूनच जा." बाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तशी आठ महिने जागची हललेली नाही ती. सहा तासांनी काय होतंय?"

इंजिनिअर पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता.

मावशीचा नियम होता, सौदा होईपर्यंत गाडी नजरेआड करायची नाही. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि कामाला लागली. तेलाची पट्टी काढून बोटावर थेंब घेतला. मधासारखं तेल, जळका वास नाही. तेल घालायच्या टोपणाखाली चिखलाचा लवलेश नाही. इंजिनिअरने वही दिली. दर पाच हजाराला तेल बदललेलं, तारखा रेघ मारून लिहिलेल्या. ज्याने पूल बांधले तो वही अशीच ठेवणार. अशा वहीचा माणूस इंजिन तापवून लोकांना टोपी घालील, हे तिच्या मनाला पटेना. पण वह्या चांगल्या ठेवणारे लबाडही तिने पाहिले होते.

ती पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आणि बोटं आत घातली. ब्रेकची तबकडी कोमट नव्हती, चांगली तापलेली होती.

जागेवर दहा मिनिटं चालू ठेवलेल्या गाडीचं इंजिन तापतं. ब्रेक तापत नाहीत.

"मावशी," भाचा गाडीच्या आतून कुजबुजला. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता आणि हातातला फोन तिच्यापुढे धरत होता. "जाहिरातीतला फोटो बघ. तीन आठवड्यांपूर्वीचा. मीटर बघ. आणि आत्ताचा बघ."

चारशे बारा किलोमीटरचा फरक होता.

"फसवतोय हा. आठ महिने हलली नाही म्हणे! मी जाऊन विचारतो."

"तू माणसांचे दात बघ. यंत्राचे मी बघते. एक शब्द काढायचा नाही."

"पण—"

"अजून नाही म्हटलं ना."

साडेबाराला बाईंनी ताटं मांडली. गॅरेजचं दार मावशीने उघडंच ठेवायला लावलं आणि गाडीचं नाक दिसेल अशी खुर्ची घेतली. इंजिनिअर घास मोजून खाल्ल्यासारखा जेवत होता.

"एवढी जपलेली गाडी," मावशी म्हणाली, "विकताय का?"

"हिने ठरवलं," इंजिनिअर म्हणाला.

"डॉक्टरांनी ठरवलं," बाई म्हणाल्या. "आठ महिन्यांपूर्वी हे इथेच, याच खुर्चीत, हातात पाण्याचा पेला असताना गेले. गेले म्हणजे शुद्ध गेली. अर्धा मिनिट. मग जागे झाले आणि मलाच विचारतात, पाणी कोणी सांडलं? महिन्याभरात परत दोनदा. सांगून येत नाही ते. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंगला यापुढे हात लावायचा नाही. किल्ली तेव्हापासून माझ्या कपाटात. दुसरी कधीच हरवली."

मावशीचा हात ताटातच थांबला. गरम ब्रेक आणि चारशे बारा किलोमीटर आता निराळंच काहीतरी सांगत होते. तिने इंजिनिअरकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, परीक्षेत चिठ्ठीसह सापडलेल्या मुलासारखा.

भाच्याच्या मात्र डोक्यात सकाळपासून एकच भुंगा होता. "पण काकू," तो बोलून गेला, "आठ महिने म्हणताय, आणि मीटरवर तर—"

"मी सांगतो," इंजिनिअर घाईने म्हणाला. पेला त्याच्या हातून ताटावर आपटला. "खरं सांगतो. इंजिनात आवाज आहे. तुम्ही म्हणता तोच. थंड असताना खडखडतं. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून सकाळी हिच्या कपाटातली किल्ली काढून मुद्दाम तापवून ठेवलं होतं. चूक झाली."

भाच्याने ताट मागे सारलं. "बघ मावशी! चल, उठ."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. "लोकांना फसवायला निघालात? तुम्ही?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. मीटरवर काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

"बस," मावशी भाच्याला म्हणाली. "सहातले चार तास झालेत. आता थंड इंजिन ऐकल्याशिवाय मी हलत नाही."

जेवणं झाल्यावर भाचा तणतणत अंगणात फोनवर बोलायला गेला. बाई भांडी घासत होत्या, नळाचा आवाज येत होता. इंजिनिअर गॅरेजमध्ये आला आणि दार लोटून घेतलं.

"ब्रेक गरम होते," मावशी म्हणाली.

त्याने खिशातल्या पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"रोज?"

"रोज नाही." मग तो म्हणाला, "रोज. ती सकाळी फिरायला गेली की."

"कुठपर्यंत?"

"नदीच्या पुलापर्यंत. जाऊन-येऊन वीस किलोमीटर." त्याने गाडीच्या छतावरून हात फिरवला. "पूल माझाच आहे, म्हणजे मी बांधलेला. त्याआधी सरळ रस्ता लागतो. तिथे पाय दाबला की इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर जातं आणि झडपांची वेळ पालटते. तुम्हाला माहीतच आहे, आवाजच बदलतो. तेवढा क्षण माझं डोकं एकदम स्वच्छ असतं हो. वाटतं, आता आपल्याला काही होत नाही."

"आणि झालं तर?"

"अजून झालं नाही."

मावशीला हे वाक्य पाठ होतं. तिचे वडील मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांनी गाडी चालवत आणि अगदी हेच म्हणत. दर महिन्याला तीच त्यांचे ब्रेक घट्ट करून द्यायची, काळजीपोटी. एका संध्याकाळी त्यांनी सायकलवरची एक पोरगी उडवली. पोरगी जगली. आता तिला स्वतःची मुलं आहेत, आणि बाजारात दिसली की मावशी तिच्या चालण्याकडे बघायचं टाळते.

हे सगळं तिने इंजिनिअरला सांगितलं. लांबण न लावता, एकेक नट आवळत जावं तसं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"चोर म्हणा मला," शेवटी तो म्हणाला. "गावभर सांगा. पण तिला हे सांगू नका. ती निर्धास्त फिरायला जाते म्हणून... ती आयुष्यात पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

अडीच वाजता मावशीने बॉनेट उघडलं. धातू आता गार होता. तिने पिशवीतून लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर, झडपांची वेळ बदलणारं चाक असतं तिथे टेकवलं, आणि लाकडी मूठ कानाला लावली. तिच्या गॅरेजवर गिऱ्हाइकं या गोष्टीवरून चेष्टा करत, पण निकाल लागेपर्यंत कोणी हसत नसे.

"लाव," ती भाच्याला म्हणाली.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इंजिनिअर भिंतीशी. बाईंनी कपाटातून आणून दिलेली किल्ली भाच्याने फिरवली.

पहिल्याच झटक्यात इंजिन उठलं. मावशीने डोळे मिटले. पहिलं सेकंद. दुसरं. मुठीतून कानात आला तो फक्त तेलाचा सळसळता प्रवास आणि साखळीचा सलग, रेशमी गुणगुणाट. खडखड नाही, टकटक नाही, साधी कुरकुर नाही. इतकं निरोगी इंजिन तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. असला आवाज लपवायला कोण कशाला तापवून ठेवील?

आणि हाच प्रश्न आता बाई विचारणार होत्या.

"बंद कर."

गॅरेज एकदम शांत झालं. इंजिनिअर भिंतीवरच्या पान्यांकडे बघत होता.

"आहे का आवाज?" बाईंनी विचारलं.

मावशीने पेचकस पुसला. मूठ पुसली, दांडा पुसला, टोक पुसलं. इंजिनाबद्दल तिने आजवर खोटं सांगितलं नव्हतं. सख्ख्या दिराची भंगार गाडी खपवायची होती तेव्हाही नाही. त्या पायी दीर दोन वर्षं बोलत नव्हता.

"आहे," ती म्हणाली. "बारीक आहे. कान तयार नसेल तर कळायचा नाही."

"कळला," बाई म्हणाल्या. "मलाही ऐकू आला."

मावशीने मान वर केली. बाईंचा चेहरा सरळ होता, फळ्यावरचं गणित पुसून झाल्यावर असतो तसा. त्यांनी पदराला हात पुसले.

भाच्याने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "मला तर काहीच... मग घ्यायची नाही ना?"

"घ्यायची. जाहिरातीत आहे त्याच किमतीला. एवढ्याशा आवाजाने काही बिघडत नाही, मी बघून घेईन. पण आजच न्यायची, आत्ता."

"आत्ता? तूच तर म्हणालीस, आधी ऐकायचं, मग घरी जाऊन विचार—"

"विचार केला मी. कागद घेऊन ये."

बाई कागद आणायला आत गेल्या, भाचा त्यांच्या मागे. मावशीने इंजिनिअरपुढे हात पसरला. त्याने फळीवरचा खिळ्यांचा डबा उतरवला, तळाशी बोटं घातली आणि किल्ली काढून तिच्या तळव्यावर ठेवली. ठेवली, पण बोटं लगेच सोडवली नाहीत. तिने वाट पाहिली. मग तिने ती आपल्या बटव्यात टाकली.

"पहिला मिनिटभर जोर देऊ नका म्हणावं त्याला," तो म्हणाला. "तेल वर चढू द्यायचं."

"सांगते."

"आणि तुमचे उपकार—"

"उपकार नाहीत. ती पोरगी डोळ्यांपुढे आली म्हणून," मावशी म्हणाली. तिला तिथे आणखी थांबायचं नव्हतं.

कागदांवर सह्या झाल्या, बँकेतून पैसे पोचल्याचा फोन झाला, तोवर चार वाजून गेले. फाटकापर्यंत दोघं पोचवायला आली. इंजिनिअरने गाडीकडे पाहिलं नाही, झाडांकडे पाहिलं. बाईंनी मावशीच्या खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. त्यांना आणखी काही म्हणायचं असावं, पण भाच्याने गाडी सोडली होती.

रस्ता एक वळण घेऊन शाळेच्या चौकात उतरत होता. भाचा हळूच चालवत होता, इंजिन गरम व्हायची वाट बघत, ओठांवर येऊ घातलेलं हसू दाबत. शाळा नुकतीच सुटली होती. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांशी, फूटपाथवर मुलांचा घोळका उभा होता आणि त्यांच्यापुढे केशरी जाकीट घातलेली, हातात 'थांबा'ची गोल पाटी घेतलेली एक बाई.

भाच्याने पट्ट्यांच्या बऱ्याच अलीकडे गाडी उभी केली.

मुलं निघाली नाहीत. केशरी जाकीटवालीने गाडी पाहिली आणि पाटी खाली करून दोन्ही हात आडवे पसरले. घोळका मागे रेटला. एक छोटी पुढे घुसली होती, तिला दप्तराला धरून मागे ओढलं. मग तिने मानेनेच गाडीला खूण केली, जा पुढे.

"मी थांबलोय ना!" भाचा काचेतून हातवारे करत म्हणाला. "सोड की पोरांना. काय वेडी बाई आहे."

ती हलली नाही. तिचे हात तसेच आडवे होते. मावशीने तिच्या बाजूची काच खाली केली.

"अहो, जाऊ द्या मुलांना. आम्ही थांबलोय."

जाकीटवालीने वाकून आत पाहिलं. आधी ड्रायव्हरच्या जागेकडे, मग मावशीकडे. तिचे खांदे सैल पडले.

"साहेब नाहीत होय," ती म्हणाली. "मला वाटलं, आज दुपारी कसे निघाले. विकली का गाडी?"

"आत्ताच."

"सुटलो बाई." तिने मागे वळून मुलांना ओरडून सांगितलं, चला, रांगेत. मग पुन्हा खिडकीशी वाकली. "बाईंनी सांगून ठेवलंय ना. निळी गाडी दिसली की दिसेनाशी होईपर्यंत एकही पोर रस्त्यावर सोडायचं नाही. सकाळी त्या स्वतःच इथे उभ्या असतात, गाडी जातानाही आणि येतानाही. पाऊस असो, काही असो. मी म्हटलं, बाई, तुम्ही आता रिटायर झालात, कशाला त्रास घेता? तर म्हणतात, तेवढंच माझं फिरणं होतं."

ती पाटी उंच धरून रस्त्याच्या मधोमध गेली.

"काय म्हणत होती?" भाच्याने विचारलं.

मुलं रस्ता ओलांडू लागली. दोघं-दोघं, हातात हात घालून, काही गाडीकडे कौतुकाने बघत. दप्तराला धरून ओढली होती ती छोटी सगळ्यांत मागे राहिली होती, बुटाची नाडी मोकळी, फरफटत.

मावशीने हात लांब करून हँडब्रेक ओढला. शेवटच्या दातापर्यंत.

"मी ब्रेक दाबून ठेवलाय की," भाचा म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली.